जोत्यातले पाणी वेळीच काढा; घर आणि धान्य दोन्ही राखा

आपल्या लातूर-नांदेड भागात पाण्याची तक्रार म्हटली की ती बहुधा पाणी नसल्याची असते. वर्षाचा सरासरी पाऊस ७०० ते ९०० मिलिमीटरच्या घरात, तोही लहरी. त्यामुळे घरात पाणी येते, जमीन पाझरते, या गोष्टीकडे कोणी फारसे गांभीर्याने पाहत नाही. परंतु ज्या वर्षी भाद्रपदात पाऊस रेंगाळतो, त्या वर्षी गावोगाव एकच वाक्य कानावर येते, "सायेब, वरून कुठं बी गळत न्हाई, पण फरशीतून पाणी यायलंय." शहाबादी फरशीचे सांधे ओले होतात, भिंतीला हात-दीड हात ओल चढते, लोणा लागून पोपडे गळतात आणि खोलीत थप्पी मारलेल्या सोयाबीनच्या खालच्या पोत्यांना वास सुटतो. ज्यांच्या वाड्यात तळघर किंवा जुने पेव आहे, त्यांच्याकडे तर घोट्याएवढे पाणी साचते.

अशा घरांसाठी एक साधा उपाय आहे. घराच्या सखल कोपऱ्यात पाणी गोळा करणारा खड्डा घ्यायचा आणि त्यात आपोआप चालू-बंद होणारी गढूळ पाण्याची छोटी मोटार बसवायची. शहरात याला संप आणि संप पंप म्हणतात. आपल्याकडे विहिरीवर मोटार बसवणे नवे नाही. फरक एवढाच की इथे पाणी हवे म्हणून उपसायचे नसून नको म्हणून उपसायचे आहे. मात्र मोटार आणायला धावण्यापूर्वी पाणी कुठून येते हे ओळखणे फार महत्त्वाचे आहे. नाहीतर पैसेही जातात आणि ओलही जात नाही.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी गाव वसवले पांढरीत आणि शेती केली काळीत. ही वाटणी उगीच नव्हती. पांढरीची जमीन बहुधा उंचवट्यावरची, निचऱ्याची असते. काळी जमीन चिकणमातीची. भारी काळ्या जमिनीत निम्म्याच्या वर चिकणमाती असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात हे कोणाला सांगायला नको.

आता गावे वाढली. गावठाणात जागा उरली नाही म्हणून लोकांनी शेतात, रस्त्याकडेला घरे बांधली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील ५२ गावांचे पूर्ण पुनर्वसन नव्या जागी करण्यात आले. ही नवी गावठाणे बहुतेक शेतजमिनी घेऊनच उभी राहिली. घर पांढरीतून काळीत आले की काळीचा स्वभावही घराच्या पायाला सोसावा लागतो.

मृगाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा भेगांमधून पाणी सरळ खाली पायापर्यंत उतरते. पुढे माती फुगून भेगा बुजतात आणि मग वरचे पाणी खाली जायचे बंद होते. खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. भाद्रपदापर्यंत मुरमाचा थर पाण्याने भरतो आणि जिथे वाट मिळेल तिथे उपळ फुटते. शेतात आपण म्हणतो, रान उपळले. तेच घराखाली होते. म्हणून जूनमध्ये कोरडे असलेले घर सप्टेंबरमध्ये ओले होते, आणि पाऊस उघडल्यावरही आठ-पंधरा दिवस पाझरत राहते.

येथे भिंतीच्या भेगांबद्दल दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. भूकंप पाहिलेल्या भागात भिंतीला तडा दिसला की माणसाच्या काळजात धस्स होते. जो तडा उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात मिटतो, तो बहुधा काळ्या मातीच्या फुगण्या-आकसण्याचा असतो. तड्यावर पेन्सिलने खूण करून महिन्याला मोजमाप लिहून ठेवावे. तडा सतत वाढतच असेल किंवा भिंत बाहेर कललेली दिसत असेल तर मात्र अभियंत्याला दाखवल्याशिवाय त्या खोलीत झोपू नये. १९९३ मध्ये सर्वात जास्त घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि त्यांच्यावरच्या जड माळवदांनी. अशी घरे आजही गावोगाव उभी आहेत. त्यांच्या भिंतीतला मातीचा सांधा ओला झाला की त्याची ताकद जाते, आणि मग भूकंपाची गरज लागत नाही. संततधारेच्या चौथ्या-पाचव्या दिवशी भिंत आपोआप बसते. पडझडीचे पंचनामे करणाऱ्या तलाठी-ग्रामसेवकांना हे चांगले ठाऊक आहे.

पाणी तीन वाटांनी येते

पहिले पाणी छपराचे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांचे छत म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की शासनदरबारी अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात या एका छतावरून सहा हजार लिटर पाणी खाली येते, म्हणजे दोनशे लिटरची तीस पिंपे! पन्हळ किंवा पाइप नसेल तर ही तीस पिंपे आपण स्वतःच्या हाताने जोत्याच्या कडेला ओततो असे समजा.

दुसरे पाणी बाजूचे. शेजारच्या अंगणातून, रस्त्यावरून, तुंबलेल्या नालीतून उताराने येणारे. गावात रस्त्यावर दर काही वर्षांनी सिमेंटचा नवा थर चढतो. रस्ता वर गेला आणि जुन्या घराचा उंबरा खाली राहिला, ही आज अनेक गावांतील मोठी अडचण आहे.

तिसरे पाणी खालचे, म्हणजे वर सांगितलेली उपळ. कालवा, पाझर तलाव किंवा नदी जवळ असेल तर हे पाणी जास्त असते.

कोणते पाणी आपले आहे हे ओळखण्याची रीत सोपी आहे. पाऊस सुरू असतानाच ओल वाढते आणि उघडल्यावर दिवसभरात उतरते, तर पाणी छपराचे किंवा बाजूचे. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाझर चालूच, आणि जवळच्या आडाची पातळी वर आलेली, तर पाणी खालचे. पाऊस नसतानाही एकाच भिंतीला ओल असेल तर न्हाणी, मोरी किंवा नळाची गळती शोधावी. तिथे मोटारीचा काही उपयोग नाही.

आधी बिनमोटारीचे उपाय करा

पुढील कामे पावसाळ्यापूर्वी घरच्या घरी करता येतात. बऱ्याच घरांची ओल एवढ्यानेच कमी होते.

१) छपराला पन्हळ आणि उभा पाइप लावून पाणी जोत्यापासून निदान पाच-सहा फूट लांब सोडावे.

२) घराभोवती मुरूम भरून, चोपून बाहेरच्या बाजूला ढाळ द्यावा. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार मिळाला तर उत्तम. काळी माती भरू नये. ती वाळली की फाटते आणि पाणी आत घेते.

३) भिंतीला लागून फुलझाडांचे वाफे, केळी, धुणे-भांड्याची जागा ठेवू नये. परसातली केळी चार पावले पुढे लावली तर तिचे काही बिघडत नाही.

४) मोरीचे पाणी उघड्यावर न सोडता शोषखड्ड्यात सोडावे.

५) वरच्या बाजूने पाणी येत असेल तर त्या बाजूला आडवा चर काढून ते वळवावे. शेतात बांधाच्या वर आपण हेच करतो.

जमिनीला नैसर्गिक उतार असेल आणि चराचे पाणी आपोआप ओढ्याकडे जात असेल तर मोटार बसवूच नये. उताराला वीज लागत नाही आणि तो मध्यरात्री बंद पडत नाही.

चिबड रानाचा धडा

कालव्याखालच्या शेतकऱ्यांना चिबड जमीन म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. निचरा नसलेल्या काळ्या रानात पाणी साठते, क्षार वर येतात, पीक पिवळे पडते. नीरा खोऱ्यात कालवे झाल्यावर हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला. पुढे सांगली-कोल्हापूर भागात उसाच्या रानांत तो वाढला आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राने त्यावर बरेच काम केले. उपाय असा की जमिनीखाली छिद्रांचे पाइप घालायचे, भोवती गाळण ठेवायचे, सर्व पाइप एका उपसा विहिरीत आणायचे आणि उतार नसेल तिथे विहिरीतले पाणी मोटारीने बाहेर टाकायचे. यालाच भूमिगत निचरा म्हणतात.

घराभोवतीची व्यवस्था ही याच कामाची छोटी नक्कल आहे. युरोपात नेदरलँड्स देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. तिथे पूर्वी पवनचक्क्यांनी आणि आता यंत्रांनी पाणी उपसून माणसे राहतात, पिके घेतात. तेव्हा पाझरणाऱ्या जमिनीवर राहता येते. फक्त उपशात खंड पडता कामा नये.

चर आणि खड्डा कसा घ्यावा

घराला तळघर नसेल तर खड्डा बाहेर, अंगणाच्या सर्वात सखल कोपऱ्यात घ्यावा. भिंतीपासून अंतर किमान पाच फूट असावे. ज्या बाजूने पाझर येतो त्या बाजूला, भिंतीपासून तीन-चार फूट सोडून चर खणावा. येथे एक पथ्य काटेकोरपणे पाळावे. चराचा किंवा खड्ड्याचा तळ घराच्या पायाच्या बुडाखाली नेऊ नये. तसे केल्यास पायाखालची माती खड्ड्याकडे सरकते आणि पाणी राहिले बाजूला, घरच खचते. पाया किती खोल आहे हे आधी घर बांधणाऱ्या गवंड्याला विचारावे किंवा एका ठिकाणी उकरून पाहावे.

चराला खड्ड्याकडे दर दहा फुटांना सव्वा इंच उतार द्यावा. तळाशी तीन-चार इंच बारीक खडी अंथरून त्यावर चार इंची पीव्हीसी पाइप, छिद्रे खालच्या बाजूला येतील असा ठेवावा. भोवती पुन्हा खडी घालावी आणि सर्व खडी गाळण कापडात गुंडाळावी. हे कापड मिळाले नाही तर खडीभोवती जाड वाळूचा थर द्यावा. गाळण नसेल तर काळी माती दोन पावसांत पाइप बुजवून टाकते. सर्वात वर नऊ इंच चोपलेला मुरूम असावा, म्हणजे पावसाचे वरचे पाणी चरात उतरत नाही.

खड्ड्यासाठी अडीच फूट व्यासाच्या सिमेंटच्या कड्या सोयीच्या पडतात. चार फूट खोली पुरते. खालच्या दोन कड्यांना छिद्रे ठेवावीत. तळाला सहा इंच खडी पसरावी आणि मोटार खडीवर न ठेवता चार विटांच्या ओट्यावर ठेवावी, म्हणजे गाळ ओढला जात नाही. वर मजबूत झाकण हवेच. घरात लेकरं असतात, गुरांची वासरं असतात. उघडा खड्डा एक दिवसही ठेवू नये.

तळघर असेल तर खड्डा आतच, सखल कोपऱ्यात, पण भिंतीपासून आणि खांबापासून दोन फूट सोडून घ्यावा. जुन्या दगडी वाड्यात असे खोदकाम करण्यापूर्वी जाणकार अभियंत्याला जागा दाखवावी.

किती पाणी, तेवढी मोटार

दुकानदार विचारतो, "किती एचपीची देऊ?" आणि आपण म्हणतो, "मोठीच द्या." ही सवय सोडावी. आधी पाणी मोजावे.

पाझर चालू असताना खड्डा बादलीने उपसून घ्यावा आणि पाणी एक फूट चढायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून पाहावे. अडीच फूट व्यासाच्या खड्ड्यात एक फूट पाणी म्हणजे सुमारे १३५ लिटर. समजा दहा मिनिटांत एक फूट चढले, तर मिनिटाला साडेतेरा लिटर, तासाला सुमारे आठशे लिटर पाणी येते. पंधरा फूट उंचीवर मिनिटाला ९० लिटर फेकणारी अर्ध्या एचपीची मोटार हे पाणी दोन मिनिटांच्या आत काढते. ती तासाला पाचेक वेळा चालू होईल, दिवसभरात साडेतीन-चार तास चालेल आणि दिवसाला दोनेक युनिट वीज खाईल. म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक घरांना अर्धा एचपी पुरेल. मोटारीसोबतच्या तक्त्यात वेगवेगळ्या उंचीवर किती लिटर मिळते ते दिलेले असते. आपल्या घराला लागणारी उंची धरूनच तो आकडा पाहावा. शून्य उंचीवरचा मोठा आकडा पाहून भुलू नये.

मोटार गढूळ पाण्याची, म्हणजे दुकानात ज्याला मड पंप किंवा ड्रेनेज पंप म्हणतात ती घ्यावी. बोअरची पाणबुडी मोटार इथे चालत नाही. ती पूर्ण पाण्यात बुडालेली असेल तरच थंड राहते, आणि तिला गाळ सोसत नाही. मोटारीला फ्लोट असावा. पाणी चढले की फ्लोट उचलला जाऊन मोटार सुरू होते, उतरले की बंद. खड्डा अरुंद असेल तर फ्लोट कडीला अडकतो, म्हणून तो हाताने वर-खाली करून पाहावा. बाहेर जाणाऱ्या पाइपवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा. नाहीतर मोटार थांबताच पाइपातले पाणी परत खड्ड्यात येते आणि मोटार उगीच पुन्हा पुन्हा सुरू होते.

विजेचे काय?

ही मोटार घरच्या सिंगल फेजवर चालते, पण जेव्हा पावसाचा जोर असतो तेव्हाच गावातली वीज जाते. वरच्या हिशेबाने चार फुटांचा रिकामा खड्डा वीज गेल्यावर चाळीस मिनिटांत काठोकाठ भरेल. म्हणून दुसरी सोय आधीच करून ठेवावी. घरातला छोटा इन्व्हर्टर मोटार उचलेल याची खात्री धरू नये. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तेव्हा इन्व्हर्टरची क्षमता वायरमनकडून तपासून घ्यावी. शेतात वापरायचा छोटा पेट्रोल पंप असेल तर पावसाळ्यात तो घरी आणून ठेवावा. चार-पाच घरांनी मिळून एक ठेवला तरी चालतो. पेट्रोल पंप मात्र नेहमी बाहेर उघड्यावर चालवावा. बंद खोलीत किंवा तळघरात त्याचा धूर माणसाचा जीव घेतो.

ओली जमीन आणि वीज यांची गाठ वाईट. या जोडणीला स्वतंत्र वायर, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळती संरक्षक, म्हणजे आरसीसीबी, बसवावा. प्लग आणि बोर्ड पाण्याच्या पातळीच्या वर, छातीएवढ्या उंचीवर असावेत. पाण्याखाली वायरला जोड देऊ नये. खड्ड्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. नुसते बटन बंद करून भागत नाही. आणि खोलीत पाणी साचलेले असेल तर मेन स्विच बंद केल्याशिवाय आत पाऊल टाकू नये.

उपसलेले पाणी कुठे सोडावे?

आपल्या जोत्यातले पाणी काढून शेजाऱ्याच्या जोत्यात सोडले तर गावात भांडण आणि पाणी दोन्ही वाढते. उपसलेले पाणी वाहत्या नालीत, ओढ्यात किंवा परसातल्या झाडांना, पण घरापासून उताराच्या बाजूला सोडावे. ते पिण्याच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये थेट कधीही सोडू नये. त्यात गाळ असतो, मोरीचे आणि गोठ्याचे पाणीही मिसळलेले असू शकते.

शोषखड्डा करायचा असेल तर तो काळी माती ओलांडून मुरमापर्यंत न्यावा लागतो. नुसत्या काळ्या मातीतला शोषखड्डा म्हणजे हौदच! नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघड्या नाल्यांची गरज संपवली आणि डास हटवले. पुढे शोषखड्ड्यांचा हा नांदेड पॅटर्न इतर जिल्ह्यांतही गेला. मोरीच्या रोजच्या पाण्यासाठी शोषखड्डा उत्तम. परंतु भाद्रपदात जमीनच भरलेली असताना उपळीचे हजारो लिटर पाणी तो पिणार नाही. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा निदान पन्नास फूट लांब ठेवावा.

हे काम एकट्या घराचे नाही. एका आळीत दहा घरांना पाझर असेल तर दहा मोटारींपेक्षा वरच्या बाजूला एक खोल चर आणि मोकळी नाली स्वस्त पडते. ग्रामपंचायतींनी मे महिन्यातच नाल्या उपसाव्यात. सिमेंट रस्ता करताना जुन्या घरांच्या उंबऱ्याची उंची पाहूनच रस्त्याची पातळी ठरवावी. रस्ता दोन्ही बाजूंच्या घरांपेक्षा उंच झाला तर तो रस्ता न राहता बांध होतो.

मोटार काय करू शकत नाही

या मोटारीवर नको तेवढा भरवसा ठेवू नये. ती पाझर उपसते, पूर उपसत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले आणि त्याच पावसाळ्याच्या अखेरीस मांजरा धरण भरले. सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या आठवड्यात गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने मांजराचे सर्व दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची गावे पाण्याने वेढली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या परिसरातील रावणगाव, हसनाळ या गावांत रात्रीतून पाणी शिरले आणि माणसे दगावली. अशा वेळी मोटार, धान्य, सामान सगळे सोडून उंचावर जायचे. सूचना आली की निघायचे, मागे वळून पाहायचे नाही.

पूर ओसरल्यावर तळघर पाण्याने भरलेले असेल तर एका दमात रिकामे करू नये. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते, आतले पाणी काढले की तिचा सगळा दाब भिंतीवर येतो. दोन-तीन फूट उपसावे, एक दिवस थांबावे, पाणी पुन्हा चढते का ते पाहावे आणि मगच पुढे उपसावे.

पेवाबाबत तर विशेष काळजी घ्यावी. पूर्वी ज्वारी पेवात साठवत. आता बहुतेक पेवे रिकामी किंवा बुजवलेली आहेत. काही वाड्यांत ती अजून आहेत आणि त्यात पाणी उतरते. ओलसर धान्य, काडीकचरा कुजून पेवात विषारी हवा साठते, प्राणवायू उरत नाही. आत उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही अडकतो. म्हणून पेवात कोणीही उतरू नये. पाणी वरूनच पाइप सोडून काढावे. पेव वापरात नसेल तर मुरूम-दगडाने थर देत, चोपत कायमचे बुजवून टाकावे. वाड्याखाली पोकळी आणि पोकळीत पाणी, हे पायाला कधीच चांगले नाही.

धान्य आणि बियाणे

शेतकरी बंधू-भगिनींनो, ओल येते तो महिना आणि सोयाबीन घरात येते तो महिना जवळजवळ एकच. सोयाबीनमध्ये ओलावा साधारण १२ टक्क्यांच्या आत असावा लागतो. वाळवून आणलेले सोयाबीन ओल्या फरशीवर ठेवले तर खालच्या पोत्यांतला ओलावा पुन्हा वाढतो, दाणा काळवंडतो आणि आडतीवर भाव पडतो. खाण्याच्या मालाचे नुकसान एकदाच होते. बियाण्याचे नुकसान पुढच्या मृगात कळते. सोयाबीनचे टरफल नाजूक, ओल आणि उष्णता लागली की उगवणशक्ती झपाट्याने घटते. घरचे बियाणे वापरायचे तर उगवण किमान ७० टक्के हवी.

म्हणून पोती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर किंवा विटांवर फळ्या टाकून, भिंतीपासून हातभर अंतर सोडून रचावीत. बियाण्याची थप्पी सात पोत्यांच्या वर नेऊ नये. फरशीवर जाड प्लॅस्टिक अंथरावे. पाझर थांबल्यावरही खोलीची खिडकी उघडी ठेवून हवा खेळती ठेवावी. बियाण्याची पोती घरातल्या सर्वात उंच आणि कोरड्या खोलीत असावीत, मग ती देवघराची खोली का असेना. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासायला विसरू नये.

वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्यात खड्डा साफ करावा, गाळ काढावा, मोटार पाण्यात चालवून पाहावी. मृगापूर्वी पन्हळी, ढाळ, नाल्या पाहाव्यात. पोळ्याच्या आसपास, म्हणजे पाझर सुरू होण्याआधी, खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतून फ्लोट काम करतो का ते पुन्हा पाहावे. पाऊस चालू असताना रोज एकदा झाकण उघडून पाहावे. बाहेर पडणारे पाणी सतत गढूळ आणि मातीचे येत असेल तर मोटार थांबवून गाळण तपासावे, कारण ती माती आपल्याच घराखालची असू शकते. दिवाळीनंतर पाझर थांबला की मोटार काढून, धुऊन, कोरड्या जागी ठेवावी.

नवीन घर बांधणाऱ्यांनी मात्र मोटारीची पाळीच येऊ देऊ नये. काळ्या जमिनीत घर असेल तर पाया मुरमापर्यंत न्यावा. काळी फारच खोल असेल तर फुगीर बुडाचे खांब घेण्याची पद्धत आहे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ती अशाच जमिनींसाठी विकसित केली. तिची माहिती अभियंत्याकडून घ्यावी. जोते रस्त्याच्या पुढच्या वीस वर्षांचा विचार करून उंच घ्यावे, जोत्यात मुरूम भरावा, आणि जोत्यावर व खिडकी-दारांच्या वर भूकंपरोधक सिमेंट-लोखंडाचे पट्टे द्यावेत. जोत्यावरचा पट्टा नीट भरला तर खालून चढणारी ओलही बरीच अडते.

ज्यांचे घर झालेले आहे, ज्यांना ते मोडून पुन्हा बांधणे परवडणारे नाही, त्यांच्यासाठी चर, खड्डा आणि अर्ध्या एचपीची मोटार ही व्यवस्था आहे. या पावसाळ्यात पाझर सुरू झाला की आधी पाणी मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. खोदकामाला हात घाला तो पुढच्या उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना. आपल्या गावच्या कृषी सहायकाला आणि पंचायत समितीच्या अभियंत्याला जागा दाखवा. आकडा हातात असला म्हणजे सल्ला देणाऱ्यालाही नेमका सल्ला देता येतो.